सुताराचा कट्टा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या आजोबांचा मालवण तालुक्यात कुडाचा मांगर होता, म्हणजे कामट्यांवर माती लिंपलेल्या भिंतींचं खोपट. तो पडून वीस वर्षं झाली. वडलांच्या पंच्याहत्तरीला त्याची लाकडी प्रतिकृती द्यायची म्हणून मी मे महिन्यात आंब्याच्या पातळ फळ्यांच्या भिंती केल्या आणि फेविकॉलने प्लायवूडच्या पाटावर घट्ट बसवल्या. जुलैत दोन भिंती फुगून वाकल्या, एक उभी चिरली. शिवाय सगळं खेळण्यासारखं दिसतंय. काय चुकलं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आमचा मांगर आठवला. मी सात-आठ वर्षांचा असताना एका पावसात त्याची मागची भिंत रात्रीत बसली, पण छप्पर होतं तिथंच होतं. वडील सुतार. सकाळी मला तिथं उभं करून म्हणाले, "बघ, घर मेढींवर उभा आसा. कूड नुसतो आडोसो." मेढी म्हणजे बेचक्याचे लाकडी खांब.

तुमचं नेमकं इथं चुकलं. तुम्ही भिंतींवर घर उभं केलंत. फळ्यांच्या भिंतींची घरं थंड मुलखातली, चित्रात दिसतात ती. कुडाच्या मांगराला फळी नसतेच.

आता चिरण्याचं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते जागचं हलत नाही. फळी रुंदीत वाढायला बघतेय आणि खालचा पाट सोडत नाही, मग ती वाकणार नाहीतर फाटणार. फेविकॉलचा यात दोष नाही.

तेव्हा भिंती काढा आणि सांगाडा आधी उभा करा. माप सोपं ठेवा, 1 फुटाला 1 इंच. सहा इंची मेढ अर्ध्या इंचाची होईल, तीन इंची वासा पाव इंचाचा, रीप, म्हणजे कौलांखालची पट्टी, जेमतेम 2 मिलिमीटर. खेळणं वाटतं ते जाडीमुळेच. तुम्ही पाठवलेल्या फोटोतले वासे मी मोजले, खऱ्या मापात ते नऊ इंचांचे होतील. एवढे जाड वासे मांगराला कोण घालतं?

मेढी रंधून करू नका. पेरूच्या बेचक्याच्या फांद्या आणा, त्यांचा पोत बारीक असतो आणि बेचकंही लहान मिळतं. साल लगेच सोला, सालीखाली कीड राहते. दोन-तीन महिने सावलीत वाळवा. पाटाला भोकं पाडून मेढी त्यांत रोवा, बेचक्यांत आडवी लाकडं ठेवा (मधलं ते आढं, कडेचे ते भाल), त्यांवर वासे टाका. मांगर दहा फूट रुंद, म्हणजे प्रतिकृतीत दहा इंच, धरला तर प्रतिकृतीत मधलं आढं कडेच्या भालापेक्षा चार इंच वर घ्या. नळ्यांच्या कौलांना एवढा उतार पुरतो. रिपा खिळ्यांनी ठोकू नका, सुती दोरा काळ्या चहात बुडवून त्याने बांधा. सुंभाची बांधणी दुरून तशीच दिसते.

कूड बांबूच्या बारीक कामट्यांचा विणा. लिंपायची माती मलमलीतून गाळून घ्या. एवढ्याशा भिंतीवर वाळूचा एक कण धोंड्यासारखा दिसतो. मातीत थोडं शेण, चमचाभर फेविकॉल, आणि दोन पातळ हात द्या. एकच जाड हात दिलात तर वाळताना तडे जातील. हा कूड मेढींना नुसता टेकवा, चिकटवू नका.

सगळ्यात जास्त वेळ छपराला लागेल. कुंभार नळ्याचं कौल करताना चाकावर निमुळती नळी काढतो आणि ओली असतानाच उभी चिरून तिची दोन कौलं करतो. तुम्हीही तसंच करा. पाऊण इंच रुंदीची तपकिरी कागदाची पट्टी खळ लावून निमुळत्या काडीवर गुंडाळा, वाळली की ब्लेडने उभी कापा आणि वर गेरू फासा. खालच्या ओळी उताण्या, वरच्या पालथ्या, सुरुवात वळचणीकडून. 14 इंच लांब छपराला दोन्ही बाजू मिळून जवळजवळ दीड हजार नळे लागतील. रोज पन्नास केलेत तर महिना जाईल. पण हे काम उरकू नका. वडलांची नजर पहिली छपरावरच जाईल.

प्रश्न : शेवटी वॉर्निश लावू का? — तेच वाचक

उत्तर : नको. वॉर्निशची चकाकी आली की मांगर गेला. लोखंडी खिळे दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. मेढींना आधी कडक काळा चहा फासा, वाळल्यावर ते व्हिनेगर. लाकूड करडं-काळपट होतं, पावसात भिजलेल्या जुन्या मेढीसारखं. आधी एका तुकड्यावर करून बघा, एकेक फांदी वेगळा रंग धरते.

आणि भोकं पाडण्याआधी वडलांशी बोलता बोलता मांगराचं दार कुठल्या अंगाला होतं ते काढून घ्या. मेढी एकदा रोवल्या की दार हलवता येणार नाही.