ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर पानांच्या यूआरएलची रचना कशी करावी?

तुमचे सहा कोर्स, दीडशेच्या आसपास धडे आणि पत्ते ‘/पान-४७’, ‘/नवीन-धडा-२’ अशा थाटाचे. आता आवराआवर करताना विषय, स्तर, मॉड्यूल, शिक्षकाचं नाव, सगळंच यूआरएलमध्ये ओळीनं बसवावं का, असं तुम्ही विचारलंय. नका बसवू.

मी तेच करून बसलो होतो. एका साइटसाठी कपाटाच्या खणांसारखी रचना केली: ‘/डेटा/प्राथमिक/मॉड्यूल-२/धडा-७’. कागदावर देखणी दिसत होती. मग पाचव्या धड्यानंतर एक नवा धडा घुसवावा लागला. सहावा सातवा झाला, सातवा आठवा झाला, आणि विद्यार्थ्यांनी वह्यांत, ग्रुपवर, गृहपाठाच्या जुन्या पीडीएफमध्ये जपलेल्या लिंका एकेक घर चुकल्या. पान सापडलंच नसतं तर कुणीतरी त्याच दिवशी ओरडलं असतं. इथे पान उघडत होतं, फक्त भलतंच. ते लक्षात यायला दोन आठवडे गेले. तेव्हापासून मला ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारा ४०४ बरा वाटतो, तो निदान खोटं बोलत नाही.

म्हणून पत्त्यात कुठलाही शब्द घालण्याआधी एवढंच बघा: हा दोन वर्षांनी बदलेल का? क्रमांक बदलतो. मॉड्यूल फुटतात, जोडले जातात. शिक्षक सोडून जातात. आज ‘प्राथमिक’ म्हटलेला कोर्स उद्या दुसऱ्या कोर्सचा पहिला भाग होतो. हे सगळं गाळल्यावर उरतं कोर्सचं नाव आणि धड्याचा विषय, म्हणजे ‘/कोर्स/एक्सेल/पिव्होट-टेबल’. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं की लेखकाचं नाव, विषयवार वर्गीकरण, फाइलचं एक्स्टेन्शन यांना पत्त्यात जागा देऊ नका. आपण अजून देतोय.

मग क्रम आणि मॉड्यूल दाखवायचे कुठे? मेन्यूत, ब्रेडक्रंबमध्ये (पानाच्या वर ‘कोर्स › मॉड्यूल › धडा’ अशी वाट दाखवणाऱ्या ओळीत) आणि ‘पुढचा धडा’ या बटणात. क्रम डेटाबेसमधल्या एका रकान्यात राहू द्या. तिथे तो हवा तितक्यांदा बदला, पत्त्याला धक्का लागत नाही.

एकच धडा दोन कोर्समध्ये असेल तर? इथे बरेच जण एकच पत्ता ठेवतात आणि फसतात. दुसऱ्या कोर्सचा विद्यार्थी क्लिक करतो आणि पहिल्या कोर्सच्या मेन्यूत जाऊन पडतो. माझ्या मते दोन्ही कोर्सखाली वेगळे पत्ते द्यावेत आणि दुय्यम पानावर कॅनॉनिकल टॅग लावून मूळ पान कोणतं ते सर्च इंजिनला सांगावं. हा टॅग २००९ पासून आहे आणि नेमका याच कामाचा आहे.

दुसरी सोय म्हणजे जाहिरातीचं पान आणि शिकण्याची जागा यांच्या वाटा वेगळ्या ठेवणं. कोर्सची माहिती ‘/कोर्स/एक्सेल’ इथे, सगळ्यांना खुली. लॉगिननंतरचे धडे मग ‘/कोर्स’ऐवजी ‘/शिका/एक्सेल/पिव्होट-टेबल’ इथे. ‘/शिका’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक पानाला परवानगी तपासायची, हा नियम एका ओळीत लिहिता येतो आणि आकडेवारी बघतानाही गिऱ्हाईक आणि विद्यार्थी वेगळे दिसतात. फक्त रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt) ‘/शिका’ टाकलं म्हणजे कुलूप लागलं असं समजू नका. ती फाइल क्रॉलरला, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला, केलेली विनंती असते, आणि कुणालाही उघडून वाचता येते. बॅचची तारीख पत्त्यात नकोच, कोण कुठल्या बॅचचा ते लॉगिनवरून कळतं.

प्रमाणपत्रांचं मात्र उलटं. तिथे वाचता येणारा पत्ता नको आणि ओळीचा आकडाही नको. ‘/प्रमाणपत्र/१०१’ दिसलं की माणूस १०२ टाकून बघतोच, आणि दुसऱ्याचं नाव समोर येतं. लांबलचक यादृच्छिक खूण ठेवा.

किरकोळ गोष्टी: शब्दांमध्ये हायफन, अंडरस्कोर नाही. रोमन अक्षरं असतील तर सगळी लहान, कारण डोमेनच्या नावात लहान-मोठं चालतं, पण त्यापुढच्या भागात दोन्ही वेगळी धरली जाऊ शकतात. शेवटी तिरकी रेघ ठेवायची की नाही ते एकदा ठरवा आणि पाळा.

इथे उदाहरणं देवनागरीत दिलीत ती वाचायला सोपी जावीत म्हणून. प्रत्यक्षात मी रोमन पत्ते ठेवतो. देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये सुंदर दिसतो, पण कॉपी करून पाठवला की बऱ्याचदा टक्क्यांच्या खुणांची माळ होते. ‘गणित’ या एका शब्दाची ३६ चिन्हं! त्यात ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि नुक्ता असा जोडून. डोळ्यांना फरक दिसत नाही, सर्व्हरला दिसू शकतो. रोमनमध्ये लिहिताना स्पेलिंगची एक यादी मात्र करून ठेवा, नाहीतर आज एका स्पेलिंगचा शब्द उद्या दुसऱ्याच स्पेलिंगने उगवतो.

आता बदलण्याचं काम. आधी जुन्या सगळ्या पत्त्यांची यादी स्प्रेडशीटमध्ये काढा, शेजारच्या रकान्यात नवा पत्ता लिहा आणि प्रत्येकाला ३०१ रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर जातो आणि हा बदल कायमचा आहे हेही कळतं. जुन्यावरून थेट नव्यावर, मधे थांबे नकोत. गूगल निदान वर्षभर रीडायरेक्ट ठेवायला सांगतं. मी कधीच काढत नाही, छापलेल्या पीडीएफला मुदत नसते. ज्या धड्याला नवं पान नाही त्याला सरळ ४१०, म्हणजे ‘हे पान कायमचं काढलंय’ असं उत्तर द्या, सगळे मुखपृष्ठावर ढकलू नका. ते विद्यार्थ्यालाही कळत नाही आणि गूगलही अशा पानांना ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे उघडत असली तरी न सापडल्यासारखीच, धरतं. जुनं ‘/धडा-७’ नव्या अर्थाने परत वापरायचं तर अजिबात नाही.

आणि दीडशे धडे एकदम हलवू नका. सर्वांत कमी विद्यार्थ्यांचा एक कोर्स आधी हलवा आणि पंधरा दिवस सर्व्हरच्या लॉगमधले (भेटींच्या नोंदींमधले) ४०४ रोज बघा. यादीतून निसटलेले पत्ते तिथेच सापडतात. मला दरवेळी सापडलेत, बहुतेक कुठल्यातरी जुन्या ईमेलमधले.