पर्यावरणाच्या पदवीला गणित लागतं का?

प्रश्न : मॅडम, मला पर्यावरण अभ्यासात पदवी घ्यायची आहे. लहानपणापासून पक्षी, झाडं, नदी यांतच मन रमतं. पण गणित आणि रसायनशास्त्राची धास्ती वाटते. पदवीसाठी नेमकं काय काय पूर्ण करावं लागतं? हे दोन विषय टाळता येतील का? आणि तीन वर्षांची पदवी घ्यावी की चार?

उत्तर : तुझी खरी काळजी गणिताची आहे, म्हणून आधी तेच घेते. गणित टाळता येणार नाही. मात्र तुला ज्याची भीती आहे, ते गणित बहुधा हे नव्हेच. इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते संख्याशास्त्र. समज, एका ओढ्यात सांडपाण्याचा नळ येऊन मिळतो. नळाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला तू पाण्याचे नमुने घेतलेस आणि आकड्यांत फरक आला. हा फरक सांडपाण्यामुळे, की नमुन्यागणिक थोडंफार इकडेतिकडे होतंच, त्यातला? किती नमुने घेतले म्हणजे खात्रीने बोलता येईल? याचं उत्तर संख्याशास्त्राकडेच आहे. कलनासारखं (कॅल्क्युलस) वरच्या पातळीचं गणित बहुतेक वेळा ‘पर्यावरणशास्त्र’ या विज्ञानाच्या पदवीत असतं. ‘पर्यावरण अभ्यास’ या पदवीत कायदा, धोरण, अर्थशास्त्र आणि समाज यांवर भर जास्त. पण नावावर विसंबू नकोस. विद्यापीठागणिक आखणी बदलते, तेव्हा प्रवेशाआधी सगळ्या सत्रांची विषययादी मागवून वाच.

रसायनशास्त्राविषयी मी जरा आग्रहाने सांगणार आहे, कारण नदीवर प्रेम असलेली कितीतरी मुलं इथेच पाय मागे घेतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत घे. बाटली पाण्यात बुडवून काठोकाठ भरायची, आत एक बुडबुडाही राहता कामा नये. मग तिथेच, काठावर बसून, मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण घालायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. प्रयोगशाळेत आम्ल घातलं की साका विरघळून पिवळट रंग येतो. त्यात थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडायचं. रंग फिका झाला की स्टार्च घालायचा, द्रावण निळं होतं. तो निळा रंग ज्या थेंबाला जातो, तिथे थांबायचं. काठावरचं काम पुढे ढकलून नुसतं पाणी घेऊन आलीस, तर वाटेत सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत राहतात आणि आकडा चुकतो. का चुकतो हे ज्याला कळलं, त्याला नदीतले मासे का मरतात हेही कळायला लागतं. जैविक ऑक्सिजन मागणीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात याची, चाचणी तर 20 अंश सेल्सिअसला, अंधारात, 5 दिवस चालते. सोमवारी ठेवलेली बाटली शनिवारीच बघायची, सुट्टी असो वा नसो.

आता पदवीचा हिशेब. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान 160 क्रेडिट लागतात. तासिकेचं 1 क्रेडिट म्हणजे सत्रात 15 तास, प्रात्यक्षिकाचं 30 तास. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण 120 क्रेडिट असतात, युरोपात तीन ते चार वर्षांच्या पदवीला 180 ते 240. पण युरोपात मोजायची रीतच वेगळी आहे, घरच्या अभ्यासाचे तासही त्यात धरतात. त्यामुळे देशादेशांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नकोस. मुख्य विषय, जोडविषय, भाषा, कौशल्याचे विषय, इंटर्नशिप, प्रकल्प असे वाटे ठरलेले असतात आणि प्रत्येक वाटा स्वतंत्रपणे भरावा लागतो. एकूण बेरीज पुरी आहे पण एक वाटा अपुरा आहे, तर पदवी अडते.

त्याहून जास्त अडते ती विषयांच्या क्रमामुळे. संख्याशास्त्र झाल्याशिवाय परिसंस्थेचा प्रकल्प नीट आखता येत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी ते आधी पूर्ण असण्याची अटच असते. नावडता विषय शेवटच्या वर्षावर टाकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा प्रकल्प रखडतो, कारण क्षेत्रकामाला ऋतू असतो. फुलोऱ्याचा हंगाम निघून गेला की तो पुढच्या वर्षीच येतो. म्हणून रसायन आणि संख्याशास्त्र पहिल्याच वर्षी उरकून घे.

कायदा-धोरणाचा भाग हलका समजू नकोस. प्रकल्पांचा पर्यावरणावर होणारा परिणाम आधीच तपासण्याची पद्धत अमेरिकेच्या 1969 च्या कायद्यातून जगभर पसरली. असे अहवाल समोर घेऊन वाचायला शीक. पक्ष्यांची नोंद कोणत्या महिन्यात केली हे आधी बघ. स्थलांतरित पक्षी निघून गेल्यावर पाहणी केली असेल, तर ‘फारसे पक्षी आढळले नाहीत’ या वाक्याला काही अर्थ नाही. तुझं पक्षिप्रेम इथे खरंच कामी येईल.

तीन की चार वर्षं, हे संशोधनाची ओढ किती आहे त्यावर ठरव. भारतात ‘संशोधनासह ऑनर्स’ हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. हे सहा सत्रांचे गुण पहिल्या सत्रापासूनच धरले जातात, तेव्हा हा विचार तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवू नकोस. प्रवेश घेताना विभागात एक गोष्ट मात्र जरूर विचार: सत्रात किती दिवस प्रत्यक्ष बाहेर नेता? उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरं महाविद्यालय बघ.