विंडसर्फिंग बोर्डाचं नाक फुटू नये म्हणून

शीड लावलेल्या या बोर्डाचं नाक, म्हणजे पुढचं टोक, बहुतेकदा खडकावर आपटून फुटत नाही, ते आपल्याच मास्टमुळे, म्हणजे शिडाच्या खांबामुळे फुटतं. हार्नेस (कमरेचा पट्टा) बूमला, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीला अडकलेला असताना वाऱ्याचा झोत आला की तुम्ही पुढे फेकले जाता आणि मास्ट व बूमचं पुढचं टोक थेट नाकावर आदळतं. अशा वेळी बूम सोडू नका. हात ताठ ठेवून घट्ट धरलात तर आघात बराच कमी होतो.

नाक वाचवायला त्यावर मऊ पॅड चिकटवतात. तो चिकटवण्याआधी किनाऱ्यावर शीड जोडून मास्ट हळूच पुढे झुकवा. बूम जिथे टेकेल तिथे पेन्सिलने खूण करा. अंदाजाने लावलेला पॅड हमखास चार बोटं चुकतो! ५ ते १० मिमी जाडीचा ईव्हीए फोम (रबरासारखा मऊ फोम) पुरे. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करा. मेण किंवा मीठ राहिलं तर पॅड कडेने सुटतो. चिकटवल्यावर २४ तास पाण्यात नेऊ नका.

मार बसलाच तर नाण्याने टकटक करून ऐका. आवाज बद आला किंवा दाबल्यावर मऊ लागलं, तर लगेच पाण्याबाहेर या, कारण आतला फोम पाणी पितो. पूर्ण वाळवून इपॉक्सी रेझिननेच दुरुस्त करा. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलसारखा आतला फोम विरघळवतं.