पाळीचा तक्ता आणि छातीतली कळ

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाची जबाबदारी तुझ्याकडे आल्याचे वाचून आनंद झाला. २९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनासाठी तू आखलेला कार्यक्रमही पाहिला. योगवर्ग आणि आहारावरचे व्याख्यान ठेवायला हरकत नाही, आणि रक्तदाबाची तपासणी तर अवश्य कर, कारण वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे काही त्रास न देता अंगात मुरून राहतो. मात्र त्या आराखड्यात कामगारांनी काय बदलावे हे सगळे आहे आणि आपण काय बदलावे याची एक ओळही नाही.

लंडनच्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला, तेव्हा हृदयविकार हा वरच्या साहेबांचा आजार आहे असा सार्वत्रिक समज होता. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा हृदयविकाराने होणारा मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब मांडूनही बराच फरक उरलाच. १९८५ पासूनच्या दुसऱ्या अभ्यासात स्त्रियाही होत्या. आपल्या कामावर ज्यांची स्वतःची मुखत्यारी कमी, त्यांना हा विकार अधिक, असे त्यातून दिसले. ताणाने वाढलेले ठोके आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या प्रसंग सरला की पूर्ववत व्हायला हव्यात; पण उद्याची पाळी कोणती हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचा प्रसंग सरतच नाही.

हे मी माझ्याच चुकीवरून सांगतो. एका कारखान्यात असताना मी पाळ्यांचा तक्ता आदल्या संध्याकाळी बदलत असे आणि त्यालाच कार्यक्षमता समजत असे. बेचाळिशीतला एक फिटर सलग रात्रपाळ्यांनंतर छातीत जळजळते म्हणाला, तेव्हा सुपरवायझरने त्याला पित्ताची गोळी देऊन मशीनवर परत पाठवले. तो झटका होता. तो वाचला. त्याच्या आजाराचे सारे खापर मी तक्त्यावर फोडणार नाही, तो तंबाखूही खात असे. परंतु दोन वेळा पाळी बदलून मागणारा त्याचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून होता, हे मला विसरता येत नाही.

म्हणून तक्ता निदान पंधरा दिवस आधी लाव, आणि आपसांत पाळी बदलून घेण्याची मुभा वरिष्ठांची मिनतवारी न करता मिळू दे. छातीत दडपण, दरदरून घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यांपैकी काहीही दिसले तर गोळ्या शोधत न बसता १०८ ला फोन करायचा, हे प्रत्येक सुपरवायझरकडून पाठ करून घे.

ओव्हरटाइमबद्दल उत्पादन विभाग तुझ्याशी भांडेल. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी आणि पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. सहा दिवसांच्या ४८ तासांवर रोज सव्वा तास चढला की ५५ चा आकडा ओलांडला जातो, आणि तेवढा वेळ तर ‘जरा थांब’ म्हणतानाच निघून जातो.

पुढच्या पत्रासोबत मागच्या तीन महिन्यांची ओव्हरटाइमची नोंद, नावे झाकून, पाठव. नेमकी कोणती माणसे वारंवार थांबवली जातात, ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझा हितचिंतक