कायदा करून माणसं विवेकी होतात का?

होत नाहीत, पण एखाद्याचा जीव वाचू शकतो. महाराष्ट्रातला जादूटोणाविरोधी कायदाच बघा. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडत होते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, मग काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. (आधी का सुचलं नाही, हे विचारायची सोय नाही.)

अनेकांना वाटतं, हा कायदा देवाधर्माविरुद्ध आहे. वाचून बघा, वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्याने हातही लावलेला नाही. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे गुन्हा ठरवलेल्या कृत्यांच्या यादीत, १२ बाबी आहेत. मला सगळ्यात पटलेली मनाई म्हणजे साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करत बसण्याची. थोडक्यात, तुम्ही मनात काय मानता याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. दुसऱ्याचा उपचार अडवलात तर मात्र ६ महिने ते ७ वर्षं कैद.

विष मंत्राने उतरत नाही हे पटवणं पोलिसांचं काम नव्हे. ते शाळेचं, घराचं, आणि त्याहून जास्त गावच्या आरोग्य केंद्राचं. तिथे सापाच्या विषावरचं औषधच नसेल, तर लोक मांत्रिकाचं दार ठोठावणारच.