अळीला औषधाची ‘सवय’ लागत नाही

तुम्ही विचारलंय की परिस्थिती बदलली की सजीव कसे बदलतात, आणि कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीला बीटीची, म्हणजे कपाशीच्या झाडातच तयार होणाऱ्या कीडनाशक विषाची, सवय कशी लागली. आधी ‘सवय’ हा शब्द सोडा. बीटी खाऊन कुठलीही अळी तगडी होत नाही. ते विष अळीच्या आतड्यातल्या ठरावीक प्रथिनाला चिकटलं तरच मारतं. एखाद्या अळीत ते प्रथिन जन्मतःच बिघडलेलं असतं, ती वाचते. बाकीच्या मेल्या की पुढची पिढी तिचीच.

म्हणून तर बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी यायची. शेताभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. तिथल्या साध्या, बीटीने मरणाऱ्या पतंगांशी वाचलेल्या पतंगांची जोडी जुळावी म्हणून. बिघाड आई-बाप दोघांकडून आला तरच अळी तगते, एकाकडून आलेली बीटीवर मरते. जळगाव-धुळ्याकडे किती पाकिटं बांधावरच पडली! आणि आज तेच लोक पारावर बसून ‘बियाणं बोगस’ म्हणतात, हे मला अजिबात पटत नाही. अमेरिकन बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, तिच्या साध्या पतंगांना आसरा आयता मिळतो. गुलाबी जवळपास कपाशीवरच जगते, तिचा आसरा आपणच पेरायचा होता.

खरं ‘जुळवून घेणं’ पाहायचंय तर हिवाळ्यात पाहा. दिवस लहान झाला, थंडी पडली की शेवटची पिढी कोषात न जाता दोन सरक्या जोडून आत झोपते. पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग निघतात. तेव्हा मेच्या बागायती कपाशीला पात्या (फुलांच्या कळ्या) लागल्या असतील तर त्यांचं साधलं. लागवड जूनमध्ये केली तर बरेच पतंग पात्यांआधीच मरतात.

डोमकळी, म्हणजे अळी शिरलेलं फूल, ओळखा: पाकळ्या पिळून रेशमाने शिवल्यासारख्या, उलगडली की आत काळ्या डोक्याची पांढुरकी अळी. गुलाबी रंग नंतर येतो. लागवडीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा. सलग तीन रात्री सापळ्यागणिक ८ पतंग, किंवा २० हिरवी बोंडं फोडून दोघांत अळी दिसली, की फवारणी.

एक मात्र मान्य: सगळा दोष शेतकऱ्याचा नाही. आपलं बीटी संकरित आहे, त्यामुळे एकाच बोंडातल्या काही सरकीत विष नसतं आणि अळी तिथे पोसते. आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं, तोही अर्धाच इलाज. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवणं, टाळणं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. डिसेंबरअखेर शेळ्या-मेंढ्या सोडून उरलेली बोंडं चारा, मग पऱ्हाटी (कपाशीची उरलेली झाडं) उपटा. बांधावर गंजी रचू नका, झोपलेली अळी तिच्यातच असते.