'मला पटत नाही' म्हणणारे डॉक्टर

प्रश्न : मी २७ वर्षांची, अविवाहित. पाळी चुकून तीन आठवडे झालेत, गर्भपात हवाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी हे करत नाही. आईला घेऊन या, मग बघू." त्यांना असं म्हणता येतं का?

उत्तर : आधी आठवडे मोजा. दिवस शेवटच्या पाळीच्या पहिल्या तारखेपासून धरतात. पाळी नियमित असेल तर तुमचे तीन नव्हे, सात आठवडे झाले. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच होतो, म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे आहेत.

आईची अट गर्भपाताच्या कायद्यात नाही. १८ पूर्ण झालेल्या बाईची एकटीची सही संमतीपत्रावर पुरते. अशा जादा अटी घालू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येच बजावलंय. गर्भनिरोधक फसलं हे कारण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर अविवाहितेलाही चालतं. सरळ सरकारी रुग्णालय गाठा. गोळ्यांआधी सोनोग्राफी करून घ्या. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांचा उपयोग नाही आणि जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. गर्भपात माझ्या धर्मात बसत नाही. नकार देऊ शकते का?

उत्तर : ब्रिटनच्या १९६७च्या गर्भपात कायद्यात अशा डॉक्टरांना नकाराची मुभा देणारं वेगळं कलम आहे, आपल्या १९७१च्या कायद्यात नाही. उलट डॉक्टरांसाठीच्या २००२च्या आचारनियमांत लिहिलंय की वैद्यकीय कारण असेल तर केवळ धर्माचं कारण देऊन गर्भपाताला नकार देऊ नये. आपण त्यात सक्षम नाही असं वाटत असेल तरच सूट. तेव्हा तुम्हाला वाटते तेवढी मोकळीक नाही.

मत तुमचं तुमच्यापाशी. पण पेशंटचे दिवस खाऊ नका. "आठ दिवसांनी या", "पुन्हा सोनोग्राफी करा" हा आमच्या मते नकाराचा सर्वात वाईट प्रकार. २० आठवडे उलटले की दोन डॉक्टरांचं मत लागतं, तेही ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठीच. त्यामुळे पहिल्याच भेटीत चिठ्ठी द्या: पाळीची तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफीचा निष्कर्ष आणि जिथं हे काम नक्की होतं त्या केंद्राचं नाव. (गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याची धास्ती असेल तर ती धर्माच्या नावावर खपवू नका. तो कायदा वेगळा.)

एखादी बाई दुकानातून गोळ्या घेऊन रक्तस्रावानं आली, तासाला दोन पॅड भिजतायत, तर तिथं मताचा प्रश्नच येत नाही. सलाइन लावा, रक्ताची सोय करा, गर्भपिशवी रिकामी करा. जीव वाचवायला गर्भपात तातडीनं करावा लागला तर एकाच डॉक्टरचं मत पुरतं, आणि आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही.